जवळची बोट

वायरलेसच्या खोलीत वीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्यामुळे बंदरावर सगळे त्याला कानसेन म्हणत. गेल्या वर्षी त्याच्या साडूची बोट बुडाली, तेव्हा सव्वातीन तास तो साडूचा आवाज ऐकत होता. शेजारच्या देशाची बचावबोट अवघ्या नऊ मैलांवर इंजिन चालू ठेवून उभी होती. पण हद्द ओलांडायला परवानगी लागते. ती येईपर्यंत आवाज थांबला. अकरा माणसं गेली.

ओरड झाली म्हणून त्याच्या देशाने सागरी परिषदेत ठराव आणला : हाक आली की जवळची बोट निघेल, हद्द कुणाचीही असो. परिषदेत एकतीस देश, आणि एकानेही नाही म्हटलं की ठराव पडतो. साक्षीला कानसेनला नेलं.

त्याने काही रंगवून सांगितलं नाही. साडू जे बोलला ते वेळेसकट वाचून दाखवलं. "पंप बंद पडलाय." "सगळे टपावर बसलोय." "कुणी निघालं का रे?" एवढं वाचून तो खाली बसला. पण दुसऱ्या सकाळपर्यंत अडून बसलेले चार देशही वळले.

तिसऱ्या दिवशी मतदानाला अर्धा तास असताना त्याच्या देशाच्या प्रतिनिधी बाईंनी त्याला जिन्यापाशी गाठलं.

"अहो, वरून फोन आला. आपण विरोधात मत द्यायचं."

त्याला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. "ठराव आपणच आणलाय ना?"

"आणला तेव्हा पडेल असं धरून चालले होते. आता खरंच मंजूर होतोय म्हटल्यावर धाबं दणाणलंय. बचावाच्या नावाखाली शेजारी आपल्या पाण्यात शिरतील म्हणे. देशाचं हित."

"मला फोन जोडून द्या. पाय धरतो त्यांचे."

"चाळीस मिनिटं मी तेच केलं. राजीनामा देते म्हटलं. 'खुशाल द्या, मतदान झाल्यावर,' म्हणाले."

"मग आत जाऊच नका, बाई."

"माझ्या जागी बसायला दुसरा येऊन थांबलाय."

तीस देशांनी होकार दिला. बाईंचा आवाज इतका खाली गेला होता की चिटणीसाने पुन्हा विचारलं, आणि त्यांना दोनदा नाही म्हणावं लागलं. ठराव पडला. आता पुन्हा मांडायचा तर चार वर्षांनी. सभा लगेच पुढच्या विषयाकडे वळली.

बाहेर येतो तोच मेहुणीचा फोन.

"झालं का, भाऊजी?"

"नाही झालं."

"कोण आडवं आलं?"

तीस देशांपैकी कुणाचंही नाव घेता आलं असतं. त्याला जमलं नाही. "आपणच," तो म्हणाला.

"आपण म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं.

"माझा थोरला आज बोटीवर गेला," ती म्हणाली. "वर्षभर अडवून धरलं होतं मी त्याला. काल तुम्ही म्हणालात ना, सगळे वळलेत. म्हणून हो म्हटलं."

त्याने बोटीचा नंबर तेवढा विचारून घेतला आणि तिथूनच वायरलेसच्या खोलीत फोन लावला.

"समुद्र कसाय?"

"सध्या ठीक आहे."

"या बोटीला दर तासाला हाक मार," त्याने नंबर सांगून बजावलं, आणि परतीची पहिली बस गाठायला तो धावत सुटला.