पहिलं सोनं

चौकोन इतका लहान की त्यात अक्षरंही धड मावली नव्हती. गरिमाने वहीत उतरंड काढली होती — टोकाला इंका राजा, खाली सरदार, त्याखाली ‘आयल्यू’, म्हणजे एकत्र जमीन कसणारे भाऊबंद — आणि बाजूला, कशालाच न चिकटलेला, ‘यानाकोना’ असा हा चौकोन. उषाताईंनी तीस वर्षं इतिहास शिकवला; हा शब्द असा कधी बोचला नव्हता.

आयल्यूतून काढून राजाच्या, सरदारांच्या चाकरीला नेलेली माणसं, त्यांनी पुतणीला सांगितलं. काहींना मोठे हुद्देही मिळत, पण भाऊबंदांच्या मोजणीतून नाव जाई.

“मतलब, त्यांचं आपलं असं कोणीच नाही?” गरिमाने विचारलं.

उद्या दसरा, उषाताईंच्या मनात आलं... यजमान, दौलतसिंह, होते तेव्हा संध्याकाळी जयेंद्रगंजच्या या घराची घंटा थांबत नसे. धाकट्यांनी शमीचं सोनं घेऊन थोरल्यांकडे यायचं, ही घरची रीत, आणि थोरले म्हणजे हे. गेल्या दसऱ्याला त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलेलं, म्हणून मी नारळाच्या वड्या केल्या, दार उघडं ठेवलं — नऊ वाजेपर्यंत. सगळे परस्पर माधवगंजला, धाकट्या विक्रमभावजींकडे, गरिमाच्याच घरी. आता थोरली मी. आपण होऊन गेले तर थोरलेपण जातं, न गेले तर माणसं जातात. वर्षभर हेच घोळवत बसले, आणि भावजींवरचा राग तेवढा जपला.

“पुढे काय लिहू, काकी?”

उषाताई भानावर आल्या. तिथे मेलेले राजेसुद्धा मोजणीतच असत, त्या म्हणाल्या. सणाला त्यांची जतन केलेली शरीरं चौकात आणून मानाप्रमाणे बसवायचे, खाऊपिऊ घालायचे.

गरिमा हसली. “हे तर आपल्यासारखंच झालं. पापा भी पहिलं सोनं मोठ्या काकांच्या फोटोसमोर ठेवतात, उसके बाद बाकीचे. उद्या तुम्ही पण या ना.”

बघू, असं काहीतरी त्या म्हणाल्या. गरिमा वही घेऊन गेली.

म्हणजे मान मोडलाच नव्हता कुणी. तो होता तिथेच, थोरल्याचा थोरल्याला पोचत होता... वर्षभराचा राग आता ठेवायचा कुठे, हे मला कळेना. फोटोतले दौलतसिंह डोळ्यांसमोर आले — पुढ्यात पानांची रास, भोवती सगळं घर — आणि सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला त्यांचा हेवा वाटला.