तीन कोपऱ्यांचं भोक

"ते भोक माझ्या बापानं पाडलंय. पहार मी धरली होती."

रॅग्ना हाउगेन असं बोलली तेव्हा तिच्या हातात कॉफीची किटली होती. चर्चच्या तळघरात पन्नासेक माणसं बसली होती आणि समोरच्या पडद्यावर एका दगडाचं भलंमोठं चित्र पडलं होतं. दगडात अंगठा जाईल एवढं भोक, आणि भोकाला तीन बोथट कोपरे.

चित्रं दाखवत होते डॉक्टर सुंडबी. गावचे दातांचे डॉक्टर आणि दोन वर्षांपासून इतिहास मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं असं, की सहाशे वर्षांपूर्वी नॉर्वेचे दर्यावर्दी थेट इथवर, अमेरिकेतल्या मिनेसोटापर्यंत आले होते. तेव्हा गावाजवळच्या तळ्याचं पाणी या दगडाच्या टेकडीला लागत होतं, आणि या भोकात खुंटी ठोकून त्यांनी आपली नाव बांधली होती. येत्या शनिवारी दगडावर तशी पितळी पाटी बसायची होती.

डॉक्टर गोड हसले. दात उपटायच्या आधी हसायचे तसेच.

"रॅग्नाबाई, तुमच्या भावना कळतात मला. पण शेतकऱ्यानं भोक पाडलं तर ते गोल पाडेल. त्रिकोणी कशाला पाडेल? हे मुद्दाम, कसबानं केलेलं काम आहे."

"मग पाडून दाखवा गोल! हातानं!" रॅग्नानं किटली टेबलावर आपटली. "तीस वर्षं माझे दात कोरलेत तुम्ही, ते यंत्रानं. एकदा घण-पहार घेऊन दगड कोरा, म्हणजे कळेल कोपरे कुठून येतात ते."

मंडळी खो खो हसली. हसला नाही तो फक्त लायल, रॅग्नाचा भाचा. दगड त्याच्याच शेतात होता.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "आत्या, चारचौघांत शोभा केलीस."

"मी केली? माझ्या बापाच्या दगडावर दुसऱ्याचं नाव ठोकताय, आणि शोभा मी केली?"

"अगं, शाळा बंद पडायला आलीय. पाटी लागली तर हायवेवरची माणसं इकडे वळतील, घटकाभर थांबतील. कुणाचं काय जातंय त्यात?"

"माझं जातंय."

"तुझं काय जातंय?"

रॅग्नानं तोंड खिडकीकडे फिरवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही. ज्या आजोबांच्या जमिनीवर हा जेवत होता, त्यांचंच काम हा परक्यांच्या नावावर करून द्यायला निघाला होता.

तशी रॅग्ना कुणाशी भांडणारी बाई नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं तिनं बटाटे सोलले, चर्चमध्ये प्रत्येक बारशाला आणि मयताला कॉफी केली. लग्न केलं नाही. गावात तिचं मत असं कुणी कधी विचारलं नाही आणि तिनंही ते सांगितलं नाही. पण ही गोष्ट वेगळी होती.

ती अकरा वर्षांची असताना त्या शेतात दोन मोठे धोंडे होते. वडिलांच्या, नील्सच्या नांगराचा फाळ त्यांवर दोनदा मोडला. शेवटी सुरुंग लावून फोडायचं ठरलं. नील्स घण मारी, रॅग्ना पहार धरून बसे. एक घाव, की पहार जराशी फिरवायची. पुन्हा घाव, पुन्हा फिरवायची. चपट्या धारेची पहार कितीही जपून फिरवा, भोकाला तीन कोपरे पडतातच. मधेच भोकात भुकटी साचे, मग ती वाकून फुंकर मारी. "डोळे मीट, मग फुंक," नील्स दरवेळी सांगे. दरवेळी! जणू पोरीला अक्कलच नाही.

दोन्ही दगडांत भोकं पाडून झाली. पहिल्यातला सुरुंग उडाला नाही. नील्सनं खूप वाट पाहिली आणि मग काय झालं ते बघायला गेला. तेव्हा सुरुंग उडाला. आईनं सुरुंगाची उरलेली दारू तळ्यात फेकली. दुसऱ्या दगडाला पुन्हा कुणी हात लावला नाही, नांगर त्याला वळसा घालून जाऊ लागला. नील्सच्या कबरीवरचा लाकडी क्रूस चार हिवाळ्यांत कुजला, दुसरा काही उभा राहिला नाही. बापानं या जगात काही मागे ठेवलं असेल तर एवढं एक भोक. आणि आता त्या आयत्या बिळावर सहाशे वर्षांपूर्वीचे नागोबा येऊन बसणार होते.

शनिवारी सकाळी टेकडीवर गाव लोटलं. गावच्या मिस्त्रीनं पाटीच्या स्क्रूसाठी विजेच्या ड्रिलनं दगडात चार भोकं आधीच पाडून ठेवली होती, छान गोल. पाटी बसली होती, वर निळं कापड टाकलं होतं. डॉक्टरांनी भाषणाचा कागद उघडला, तेवढ्यात खडखडाट ऐकू आला. रॅग्ना हातगाडी ढकलत चढ चढत होती. हातगाडीत बापाची गंजलेली पहार आणि घण.

"रॅग्नाबाई, हे काय?"

"खुंटी ठोकायला आलेय. माझी नाव आलीय खाली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. रॅग्नानं पहार आधी बापाच्या भोकात सोडली. ती सरसर आत गेली आणि तळाला टणकन वाजली. तो आवाज ती छप्पन्न वर्षांनी ऐकत होती.

"पहार मापाची आहे, मान्य," डॉक्टर म्हणाले. "म्हणून काय झालं? भोक आधीचंच असेल. तुम्ही तेव्हा लहान होता, लहानपणच्या आठवणी..."

"आठवण नको ना? मग डोळ्यांनी बघा." ती मूळ भोकाच्या बाजूला गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी पहार उभी धरली. "उचला घण, डॉक्टर."

डॉक्टरांनी घण उचलला. मग त्यांचं लक्ष पहारीवरच्या त्या दोन उघड्या, सुरकुतलेल्या हातांकडे गेलं. त्यांनी घण हळूच खाली ठेवला.

"लागलं तर?"

"तेव्हाही लागू शकलं असतं," रॅग्ना म्हणाली. "माझा बाप एकदाही चुकला नाही. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातावर एकदाही नाही. आणि त्याचं नाव नको म्हणता तुम्ही!"

मग लायल गर्दीतून पुढं आला. कान लाल झालेले. त्यानं कोट काढून पाटीवर टाकला.

"आत्या, मी चुकलो तर?"

"शिव्या देईन. मार."

पहिला घाव त्यानं घाबरत घातला. रॅग्नानं पहार जराशी फिरवली. दुसरा घाव बरा बसला. डॉक्टरांनी भाषण सुरू केलं खरं, पण दर वाक्याला घण पडत होता आणि 'दर्यावर्दी' या शब्दापलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नाही. अर्ध्या तासानं दगडात पेरभर खळगा पडला. पुढची माणसं वाकून बघू लागली. वर्तमानपत्राचा फोटोवालाही वाकला.

"तीन कोपरे आहेत," तो म्हणाला.

"यानं काही सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कोट बाजूला करून कापड ओढलं. थोड्या टाळ्या पडल्या. पाटी लागली ती लागलीच.

लोक कॉफीसाठी चर्चकडे उतरू लागले. तेवढ्यात कुणीतरी मागं वळून विचारलं, "रॅग्ना, स्वयंपाकघराची किल्ली?"

"माझ्या खिशात. आज कॉफी त्या दर्यावर्दींकडून घ्या."

टेकडीवर दोघंच उरली. लायलनं घाम पुसला आणि पाटीकडे पाहिलं.

"आत्या, आता कशाला? घरी चल."

"हे पेरभर आहे. त्याचं हातभर होतं. मार."

त्यानं पुन्हा घण उचलला. काही वेळानं पहार भुकटीत रुतायला लागली. रॅग्नानं ती बाहेर काढली आणि भोकावर तोंड नेलं.

"डोळे मीट गं," लायल सहज म्हणाला.

ती थांबली. त्याच्याकडे बघितलं नाही. मग तिनं डोळे मिटले आणि जोरात फुंकर मारली. पांढरी भुकटी तिच्या कपाळावर, गालांवर बसली. तिनं ती पुसली नाही.