भोंगा तेवढा ऐकू येतो

शरणम्मानं नव्या नवरीपणी एक ओवी जोडली होती :

लांब भोंगा वाजं, उतू गेलं दूध
माझ्या धन्याची गं गाडी, मला राहीना सुध

आता दूध उतू जात नव्हतं. पण कुकर पाच-पाच शिट्ट्या देई आणि तिचा नवरा गुरुशांत जवळच निवांत पेपर वाचत बसे.

"अहो, डॉक्टरला कान दाखवा की!"

"इंजिन ऐकतोय की रोज. कानाला काय धाड भरलीया?"

निवृत्तीला दोन महिने राहिलेले. सोलापूरहून दुधनीला पर्यटकांची गाडी निघायची होती, जुन्या डिझेल इंजिनामागं. ते इंजिन हाताळणारा चालक आता हाच एक. कान दाखवले, तर ही फेरी गेली.

रविवारी सकाळी गाडी फुललेल्या करडईतून निघाली. खिडक्याखिडक्यांतून मोबाइल बाहेर आले. शेजारी सहायक चालक चंद्रिका. तिनं सिग्नलचा रंग मोठ्यानं सांगायचा, त्यानं तोच परत म्हणायचा, हा नेम. जात्यावर एकीनं ओळ टाकावी, दुसरीनं उचलावी, तसा. गुरुशांत तिचे ओठ बघून ओळ उचलत होता.

"हिरवा."

"हिरवा."

अक्कलकोट मागं पडलं. वळणावर ऊन डोळ्यांवर आलं. चंद्रिकेचं तोंड पलीकडं होतं.

"पिवळा!"

"हिरवा," सवयीनं तो म्हणाला.

"पिवळा, काका! पिवळा! पुढं तांबडा आसंल!"

तो इंजिनाची धडधड ऐकत पुढंच बघत राहिला, सुखात.

तिनं त्याचं मनगट धरलं. तिचा चेहरा पाहिला आणि त्यानं ब्रेक लावला. तांबड्या सिग्नलच्या जेमतेम अलीकडं गाडी थांबली. मागं डब्यात कोणीतरी ओरडलं, "फोटोसाठी थांबवली रे!"

चंद्रिका त्याच्या समोर आली. "काका, तुमाला ऐकू येत न्हाय."

"इंजिन येतंय," तो म्हणाला. मग खाली बघत, "माणूस येत न्हाय."

तिचे डोळे भरले. "मी न्हाय सांगत कुणाला. परतीला तुमच्याकडं तोंड करून बोलीन."

"आन् सिग्नल कोण बघणार? मागं एवढी माणसं हायत, पोरी."

दुधनीपर्यंत त्यानं गाडी बैलगाडीसारखी हळू हाकली. उतरला आणि स्टेशनमास्तरांपुढं बसून स्वतःच्या हातानं सगळं लिहून दिलं. परतीला विजेचं इंजिन येणार म्हणताच पर्यटक कुरकुरले.

"निदान एकदा भोंगा तरी वाजवा की, काका!"

चंद्रिकेनं हातानं खूण करून सांगितलं. तो चढला. भोंगा वाजला, जाड, लांब, पार पोटापर्यंत ऐकू आला.

फलाटावर माणसं टाळ्या वाजवत होती. त्याला नुसते हात दिसले.