डोराय बसत नाही

मारिविकने चौथी खुर्ची फडक्याने पुसली आणि डोरायमावशीला हाताला धरून जवळजवळ तिच्यावर बसवलंच.

आत मारिविकच्या आईची शवपेटी होती. बाहेर ताडपत्रीखाली माजाँगचं, म्हणजे सोंगट्यांच्या जुगाराचं टेबल. प्रत्येक डावातला वाटा घरच्यांना मिळणार, त्यातूनच दफनाचा खर्च निघणार होता. अडलं होतं ते चौथ्या भिडूवाचून.

"माझे डोळे गेलेत गं," डोराय म्हणाली. वर्षभर ती सगळ्यांना हेच सांगत आली होती.

समोरची एस्टर खिदळली. "तुला डोळे कशाला लागतात? अंगठ्याने सोंगटी ओळखणारी बाई तू! अख्खी गल्ली लुटलीस."

"लुटली म्हणे! नागवली गेले ती मीच."

"बस ना मावशी," मारिविक हळूच म्हणाली. "आईसाठी. आजच्या दिवस."

एस्टरने एक सोंगटी पालथी पुढे सरकवली. डोरायचा अंगठा आपसूक तिच्याखाली, कोरलेल्या चित्रावर गेला. बांबू. सात. शिलाईचं मशीन या सोंगट्यांपायीच गेलं होतं, मग छपराचे पत्रे. पत्रे उतरवून नेले तेव्हा तिची लेक तान्ह्या बाळाच्या डोक्यावर टॉवेलाची सावली धरून उन्हात नुसती उभी होती.

डोरायने सोंगटी पालथीच ठेवली आणि ती उठली. मान ताठ.

"डोळे शाबूत आहेत माझे. सातचा बांबू आहे, बघ उलटून. पण मी एकदा बसले की उठत नाही. म्हणून बसत नाही."

कुणीतरी खाकरलं. मारिविकच्या हातातल्या फडक्याचा बोळा झाला होता.

"मग पेटीचे पैसे, मावशी?"

"दारोदार फिरून मागू. मला लाज नाही त्याची. तू सोबत चल, पैसे मात्र तूच धर. माझ्या हाती देऊ नकोस. आणि प्रार्थनेचे नऊही दिवस येणाऱ्यांसाठी पेज मी रांधणार."

ती स्वयंपाकघरात गेली. पेजेसाठी आल्याचं कांड मोडून सोलायला बसली. साल जाडच निघत होती. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

एस्टर दारात आली. तिच्याकडे न बघता चुलीकडे बघत राहिली.

"आणखी एक सुरी असेल का गं?"

डोरायने हातातली धारेची सुरी तिला दिली, स्वतःला बोथट घेतली आणि बाकावर जरा सरकून बसली.