बोटं मी खाल्ली नाहीत

मित्रांनो, मिरची दळणारी मी एक जुनी चक्की. नंदुरबारजवळ कांतीलाल शेठचा मसाल्याचा कारखाना आहे, तिथे मी उभी असते. या चक्कीने छबूबाईची दोन बोटं खाल्ली, असं गावात सांगतात. ते ऐकलं की माझ्या अंगातलं लोखंड पेटतं. म्हणून खरं काय घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

माझा जन्म राजकोटचा. बिडाचं जड अंग, वर पत्र्याचं रुंद तोंड आणि तोंडाच्या तळाशी एक जाड मळसूत्री दांडा. तो फिरला की मिरची पुढे सरकते आणि दळली जाते. माझ्या डाव्या अंगाला हाताने फिरवायचं एक चाक आहे. आत काही अडकलं तर वीज बंद करायची आणि ते चाक उलटं फिरवायचं. अडकलेलं आपोआप मागे येतं. चाक कोणत्या बाजूला फिरवायचं ते कळावं म्हणून घडवणाऱ्याने शेजारी पांढरा बाण काढला होता. माणसाच्या हाताची इतकी काळजी करणाऱ्याने मला घडवलं, याचा मला अभिमान होता.

मी इथे आले तेव्हा शेठ हरखून गेले. हंगामात पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, लालभडक मिरची वाळत पडायची. बाया ती निवडून, देठं मोडून माझ्यापर्यंत आणायच्या. माझी बारीक पूड सुरतेपर्यंत जायची. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा, कुंकू मिळायचं. एका दसऱ्याला तर शेठनी मला नवा हिरवा रंग लावून घेतला. रंगाऱ्याने त्या बाणावरूनही कुंचला फिरवला. त्याला कुणी अडवलं नाही, कारण बाण कशासाठी आहे हे मला चालवणाऱ्या उमाकांत मिस्त्रीशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि तो त्या दिवशी गावी गेला होता.

मिरची निवडणाऱ्यांत रशिदा होती. डोळ्यांची आग होत असली तरी ती माझ्याकडे टक लावून बघायची. एकदा धीर करून ती शेठपुढे उभी राहिली.

"शेठ, माले बी चक्की शिकाडा. उमाकांतभाऊ नही ऱ्हायना, की काम पडी ऱ्हास."

"तुले मिरची निवडाले ठेवेल शे, ते निवड," शेठ म्हणाले. "आज शिकाडं, की उद्या तू दुसराकडे पळशी. मी कसाले लोकेस्नी सोय करू?"

उमाकांत तिथेच होता. तो म्हणाला, "शेठ, एका दुपारनं काम शे. दोन-तीन बायास्ले शिकाडी ठेवतस."

"तुले तुन्ही नोकरी जड व्हयनी का?"

उमाकांत पाना उचलून पुन्हा कामाला लागला. मित्रांनो, मला त्याचाही राग आला. माझा आवाज तर केवढा मोठा! पण त्या आवाजात एक शब्द नाही.

आणि मग ती दुपार आली. उमाकांत रजेवर होता, माल मात्र निघायचा होता. शेठनी स्वतःच स्विच दाबला आणि म्हसावदच्या छबूबाईला मिरची टाकायला उभं केलं. मिरची थोडी ओली होती. ती तोंडात दाटली. "हात घालीसन ढकल ना!" शेठ ओरडले. छबूबाईने ढकललं. तिच्या बांगडीसकट हात माझ्या दांड्यात ओढला गेला.

रशिदाने धावत जाऊन वीज बंद केली. मी थांबले. पण हात आतच! भरत हमालाने तिला ओढलं, तशी ती किंचाळली. शेठची सून फाल्गुनी ऑफिसातून पळत आली आणि तिने उमाकांतला फोन लावला. "डावं चाक उलटं फिरवा!" तो पलीकडून ओरडत होता. रशिदाने चाक धरलं. पण उलटं म्हणजे कुठे? तिने एका बाजूला फिरवलं. ती बाजू चुकीची होती. छबूबाईच्या त्या किंकाळीने माझा पत्रा न् पत्रा थरथरला. मग रशिदाने दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि हात सुटला. दोन बोटं वाचली नाहीत.

छबूबाईला दवाखान्यात नेल्यावर शेठ काय म्हणाले असतील? "म्हणीसन सांगी ऱ्हायंतू, बायास्नी मशीनले हात लावू नही!"

मी चक्की नसते, तर त्या क्षणी किंचाळले असते. ज्याने शिकवलं नाही तो निर्दोष, आणि जिने कुणी न शिकवताही धावून हात सोडवला ती गुन्हेगार? हा कुठला न्याय?

पण फाल्गुनी बोलली. घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. "पप्पाजी, रशिदाने शिकवा म्हटलं तेव्हा मी दारातच होते. तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार."

दुसऱ्या दिवशी एकही बाई आत आली नाही. सगळ्या फाटकाबाहेर बसल्या. रशिदाचे डोळे सुजलेले होते, पण आवाज कापत नव्हता. "आमले शिकाडा, नही ते हाई चक्की बंद ऱ्हाऊ द्या."

पथारीवर मिरची पडून राहिली. शेठचं मन वगैरे काही पाघळलं नाही. माल अडला म्हणून ते कबूल झाले. उमाकांतने माझं अंग उघडून बायांना एकेक भाग दाखवला. रंग खरवडून बाण पुन्हा काढला. छबूबाईच्या औषधपाण्याचा भार कारखान्यावर टाकायला फाल्गुनीने शेठना भाग पाडलं.

पुढच्या हंगामात शेठना वाटलेली भीती खरी झाली. नवापूरच्या मोठ्या कारखान्यात चांगलं काम मिळालं आणि रशिदा गेली. "सांगं नव्हतं मी?" शेठ चडफडले. पण मी त्या दिवशीही वेळेवर सुरू झाले, कारण मला चालवणाऱ्या आणखी चौघी तयार होत्या. त्यांतली एक छबूबाई.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. छबूबाईला लेकीची वेणी घालता येत नाही, आणि ती बोटं कुठल्याही शिकवणीने परत येणार नाहीत. तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी शेठ. तुमच्या हाताखालचं माणूस 'मला शिकवा' म्हणालं, तर त्याला पंख फुटतील म्हणून घाबरू नका. त्याच दिवशी शिकवा.

काल एक नवी मुलगी कामाला आली. स्विचकडे हात नेणार, तोच छबूबाईने आपल्या तीन बोटांनी तिचं मनगट धरलं.

"थांब, पोरी. पहिले बंद कराले शिक. चालू कराले मंग शिकाडसू."