लखमाचा कोट माझ्या डोक्यावर

मित्रांनो, मंगरूळपीरच्या मोटार स्टँडसमोर फोटोचं दुकान आहे. तिथं वरच्या फळीवर जो लाकडी डबा बसला आहे, तो मी. जुना कॅमेरा. म्हातारी वस्तू गोष्ट सांगायला बसली की आधी आपला मोठेपणा सांगते. मीही सांगेन, थोडासा. पण मला सांगायची आहे ती माझी लाज. ती ऐकायला कोणी थांबत नाही, म्हणून तुम्हाला धरलं.

माझं अंग सागवानी, कलकत्त्याच्या एका मिस्त्रीनं घासूनपुसून घडवलेलं. पोटात चामड्याचा भाता, पुढं विलायती भिंग, खाली तीन पायांची घोडी आणि मागं दुधी काच. फोटो काढणारा डोक्यावरून काळं फडकं घेतो, तेव्हा त्या काचेत समोरचा माणूस दिसतो. तोही उलटा, पाय वर अन् डोकं खाली. आयुष्यभर मी माणसं उलटीच पाहिली. मला वाटे, हा भिंगाचा दोष आहे. पुढं कळलं, दोष नुसता भिंगाचा नव्हता.

माझा मालक बाबूलाल. हात चांगला, जीभ गोड. दुकानात एक खुर्ची, मागच्या पडद्यावर रंगवलेला महाल आणि खुंटीवर एक काळा कोट. गिऱ्हाईक आलं की तो कोट त्याच्या अंगात चढायचा. हमाल, मास्तर, नवरदेव, सगळे त्याच कोटात. ढिला झाला तर बाबूलाल मागून चिमटे लावायचा. मंगरुळातल्या अर्ध्या भिंतींवर तो एकच कोट टांगलेला होता, वरची मुंडकी तेवढी वेगळी.

छप्पन्न साली नागपूरच्या एका छापखान्यानं बाबूलालला कळवलं, कॅलेंडरसाठी जुनी देखणी गावं पाहिजेत. जुने कसबे, नदीकाठच्या वस्त्या. नवं काही दिसता कामा नये. बाबूलालनं मला सायकलला बांधलं आणि आम्ही गावं हुडकत निघालो. कारंज्याच्या हवेल्या झाल्या, वाशीमचं तळं झालं. घरावर पत्रा दिसला की याचं तोंड वाकडं, विजेचा खांब दिसला की सायकल माघारी. पोहरादेवीकडच्या एका तांड्यावर हिरीबाई नावाच्या बाईनं आपली नवी लोखंडी पेटी हौसेनं दारात आणून ठेवली. बाबूलालनं ती उचलून आत ठेवायला लावली. हिरीबाई हसली, पण तिचा हात पेटीवरून निघत नव्हता. मी ते पाहिलं आणि काही वाटून घेतलं नाही.

मग मानोऱ्याच्या पुढं, अरुणावतीच्या काठी भोईवाडा लागला. दहाबारा झोपड्या, बांबूवर वाळत टाकलेली जाळी, डोहात एक डोंगा. बाबूलाल सायकलवरून उतरून नाचायचाच बाकी होता. "बस! हेच पाह्यजे होतं!"

तिथं लखमा भेटला. पन्नाशीचा, डोहासारखा शांत माणूस. त्याच्या बापानं कोटवाल्यांचे मेणे खांद्यावर वाहिले होते. त्या घराण्यात पहिला कोट शिवून घेतला तो लखमानं. पोरगी रामीबाई मंगरुळात फुटाणेवाल्यांच्या घरी दिली होती आणि सासू तिला टोमणे मारायची. आम्ही आल्याचं कळताच त्याची बायको चतुराबाई आतून तो काळा कोट घेऊन आली आणि लखमानं तो अंगात चढवला.

"फोटूवाले भाऊ, मले कोटात काढा," लखमा म्हणाला. "पोरीच्या घरी लावाचा आहे. तिची सासू म्हणते, तुया बापाच्या अंगावर कधी कापड पाह्यलं नाही."

बाबूलाल हसला. "अरे बाप्पा! भोई अन् कोटात? मासोळ्या पळून जातीन! ठेव तो बाजूले. धोतर खोच, जाळं घे खांद्यावर."

"काहून ठेवाचा?" चतुराबाई फणकारली. "चोरीचा आहे का तो?"

"आधी जाळ्याचा काढू वहिनी, मंग कोटाचा."

घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणावं? लखमानं कोट काढला. तेवढ्यात बाबूलालच्या ध्यानात आलं की माझं काळं फडकं वाटेत कुठंतरी पडलं. ऊन रखरखीत, फडक्यावाचून काचेत काही दिसेना. त्याची नजर लखमाच्या हाताकडं गेली.

"आण तो कोट इकडं."

आणि मित्रांनो, तो कोट माझ्या डोक्यावर आला. नव्या कापडाच्या खळीचा वास येत होता. ज्याचा तो कोट, तो उघड्या अंगानं गुडघाभर पाण्यात उभा. मान ताठ होईना, तशी चतुराबाई काठावरून ओरडली, "सरळ उभे राहा ना! मेणा नाही तुमच्या खांद्यावर!" लखमा खळखळून हसला. तेवढ्यात बाबूलालनं मला उघडलं आणि मिटलं.

"आता कोटाचा," लखमा पाण्यातून येत म्हणाला.

"प्लेटी सरल्या गड्या."

खोटं होतं ते. आमच्या पेटीत, फोटो उमटतो त्या काचेच्या दोन कोऱ्या प्लेटी होत्या. पुढच्या गावच्या जुन्या वेशीसाठी राखलेल्या. मला ठाऊक होतं. मी लाकूड. पाय दुमडले आणि सायकलवर चढलो.

तो फोटो कॅलेंडरवर छापून आला. खाली मजकूर होता, "ना वस्त्र, ना चिंता". बाबूलालचं नाव झालं. लोक दुकानात येऊन मला थोपटायचे, याच डब्यानं काढला म्हणायचे. मीही फुगलो. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

ते कॅलेंडर फुटाण्याच्या भट्टीवरही पोचलं. सासूनं गिऱ्हाइकांपुढं रामीबाईला हाक मारली, "पाह्य व, तुया बाप! आता तं उघडा छापूनच आला!"

आठ दिवसांनी चतुराबाई कोट हातावर टाकून दुकानाच्या पायरीवर उभी. "कोटाचा फोटू द्या."

"आणा लखमाले. फुकट काढतो, महालापुढं."

लखमा बाहेर रस्त्यावरच उभा होता. आत आला नाही. खुंटीवरच्या कोटाकडं बोट करून म्हणाला, "त्या कोटात अख्खं मंगरूळ निंगलं, भाऊ. मी इथं बसलो, तं सोयरे म्हणतीन, दुकानातला घातला. माह्या दारात काढा. माह्या नदीवर."

"बरोबर आहे तुयं. दिवाळी झाली का येतो."

दिवाळी झाली. पुढचीही झाली. आम्ही जत्रेला गेलो, वेशी काढल्या, बुरूज काढले. अरुणावतीकडं सायकल वळली नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात लखमा तापानं गेला. चतुराबाईनं त्याला कोट घालूनच नेलं.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी रामीबाई दुकानात आली. हातात कॅलेंडरचं ते पान.

"काका, हा फोटू काढला तवा माह्या बापाचा कोट कुठं होता?"

बाबूलाल माझं भिंग पुसायला लागला.

"मायनं सांगतलं मले. पण मले तुमच्या तोंडून पाह्यजे."

बाबूलालनं माझ्याकडं बोट केलं. "याच्या डोक्यावर. अन् माह्या."

"मंग लिहून द्या." तिनं पान पालथं केलं. "मोठ्या अक्षरात."

बाबूलालनं दौत पुढं ओढली. त्यानं लिहिलं, "या फोटोच्या वेळी लखमा भोई यांचा स्वतःचा काळा कोट माझ्या डोक्यावर होता. त्यांनी कोटात फोटो मागितला होता. मी काढला नाही." खाली सही केली. रामीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते बाबूलालकडून दोनदा वाचून घेतलं.

"आता हे भट्टीवर असंच लावतो," ती म्हणाली. "लिहिली बाजू लोकाईकडं."

"अन् फोटू?"

"तो भिंतीकडं राहीन. तुमी पाह्यला तेवढा पुरे झाला."

मित्रांनो, जुनी गावं पाहायला खुशाल जा, फोटोही काढा. पण कोणी हौसेनं नवी पेटी दारात आणली, तर ती आत ठेवायला लावू नका. माणूस कोटात उभा राहतो म्हणाला, तर तो त्याचा मान आहे. तुमच्या चित्राला शोभत नसेल, तर तुमचं चित्र गेलं खड्ड्यात. आणि 'पुन्हा येतो' म्हणालात, तर जा.

बाबूलालनं मग मला फळीवर चढवलं. धूळ बसू नये म्हणून वर नवं काळं फडकं टाकलं. तो चांगल्यासाठीच टाकतो. पण ते अंगावर पडलं की मला खळीचा वास येतो, आणि या फळीवरून मला कुठं पळताही येत नाही.