पुढच्या मापाचा पुतळा

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. डोकं नाही, हात नाहीत आणि पाय म्हणाल तर एकच, तोही लोखंडी. समोरच्या सलूनवाल्याने माझं नाव 'बिनडोक्या' ठेवलं होतं. ठेवू दे. डोकं नसल्याचे फायदे त्याला काय कळणार? त्याच्याकडे केस कापायला जावं लागत नाही, आणि त्याच्या विनोदांना मान डोलवावी लागत नाही.

माझं अंग लाकडी फळ्यांचं. वरून कापूस, त्यावर जाड मांजरपाट. छातीला आणि कमरेला एकेक भोक. त्यात चावी घालून फिरवली की फळ्या सरकतात आणि मी फुगतो. उलटी फिरवली की बारीक होतो. पथ्य नाही, व्यायाम नाही! माझ्याकडे बघून कित्येकांनी सुस्कारे सोडलेत. तरुणपणी मी भारी वात्रट होतो. दाराआड उभं केलं की आत येणारा माणूस माझ्यावर आदळायचा, "माफ करा हं," म्हणायचा आणि मग ओशाळून इकडेतिकडे बघायचा. मास्तर आणि ताई पोट धरून हसायचे.

मास्तर म्हणजे आमचा शिंपी. ताई त्याची थोरली बहीण. तो कापायचा, शिवायचा. काजं, बटणं, तुरपाई हे सगळं ताईच्या बोटांचं काम.

आमच्या दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, "मास्तर, आजचं माप धरू नका. तीन महिन्यांत बघा मी कसा होतो!"

"कसा होणार? टेपवर बोट ठेवून दाखवा," मास्तर म्हणायचा.

त्याने बोट ठेवलं की मास्तर मला त्या मापाला लावायचा, माझ्या अंगावर कपडा बेतायचा आणि शिवून मागच्या दांडीला टांगायचा. माणूस त्या मापाचा झाला की येऊन घेऊन जायचा.

काही जण यायचे. बरेचसे यायचेच नाहीत. पण मला ती माणसं ठाऊक असायची. मी त्यांच्या अंगाचा झालेलो असायचो ना! पोट नसलेला बँकेतला कारकून. खांदे न पाडता चालणारी, गाणं शिकवणारी बाई. त्यांना त्यांच्या घरच्यांनीही कधी पाहिलं नाही. दुपारी पंखा फिरला की दांडीवरच्या बाह्या हलायच्या आणि न आलेली माणसं रांगेत उभी आहेत असं वाटायचं. मला डोळे नाहीत, तरी मी तिकडे बघायचं टाळायचो.

ताईने उभ्या जन्मात स्वतःसाठी एकच कोट शिवला. गर्द हिरवा. शेवटचं बटण लावून झालं आणि ती आजारी पडली. इस्पितळातून परत आली तेव्हा मी ओळखलंच नाही. कोट घातला तर खांदे कोपरापर्यंत घसरले.

सलूनवाला दारातूनच ओरडला, "ताई, तुम्ही कोट घातलाय की कोटाने तुम्हाला?"

"थांब मेल्या, तुझाच वस्तरा घेऊन येते!" ताई म्हणाली. हसली, आणि दम खायला खाली बसली.

मास्तर म्हणाला, "आण इकडे. दोन्ही बाजूंनी आत घेतो."

"कोटाला हात लावायचा नाही. मला परत त्यात बसायचंय. थंडी पडायच्या आत हा घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाणार, कुणाचा हात न धरता. या पुतळ्याला माझं जुनं माप लाव."

मग मी जुनी ताई झालो. भरलेली, ठणठणीत. दर महिन्याला ती माझ्या शेजारी उभी राहायची आणि मास्तर टेप लावायचा. ती बिचारी जिने उतरत होती, विजेच्या खांबापर्यंत चालत होती, ताटातलं संपवत होती. टेप ढिम्म हलेना. एकदा तर मागेच सरकली. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. तिच्या अंगात मी, आणि शेजारी तिची सावली. आमच्यातलं भूत कोण, तेच मला कळेना.

मास्तरला ते बघवलं नाही. एका दुपारी ताई झोपलेली असताना त्याने कोट उसवला, बाजूंच्या शिवणी आत घेतल्या आणि मलाही चावीने तेवढंच बारीक केलं. जादा कापडाला कात्री लावायला मात्र त्याचा हात धजला नाही. ते आत तसंच राहिलं.

"ताई, घालून बघ जरा."

कोट असा बसला म्हणून सांगू! ताईने सलूनवाल्याला हाक मारली. तो फेस लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून बाहेर आला आणि टाळ्या वाजवायला लागला. ताई ऐटीत खांबापर्यंत गेली. तिथे तिने सहज कमरेवर हात ठेवला. थांबली. आतलं कापड बोटांनी चाचपलं. मग परत आली.

"ही टीप कुणाची?"

मास्तर मशीनकडे बघत राहिला. "ताई, तू किती खूश झालीस..."

"झाले ना! त्याचाच राग येतोय. अरे गाढवा, मी कुठवर आलेय ते तरी मला खरं कळू दे. पोचले असं समजून मी इथेच बसून राहिले असते."

तिने स्वतःच्या हाताने ती टीप उसवली. मग चावी मागून घेतली आणि त्या दिवशीचं आपलं माप मला लावलं. नुसत्या बरगड्या. मित्रांनो, मला रडता येत नाही. माझ्या फळ्या करकरल्या, तेवढंच. मग तिने चावी अगदी किंचित पुढे फिरवली.

"पुढच्या महिन्यात एवढंच. त्यापुढचं त्यापुढे बघू."

आणि ती आली की हो त्या मापाला! पुन्हा किंचित चावी, पुन्हा आली. मधे एक महिना अडकली. मास्तर चावी मागे घ्यायला गेला तर म्हणाली, "राहू दे. उशीर झाला म्हणून रस्ता बदलायचा नसतो." ती खांबाच्या पुढे जायला लागली, मग औषधाच्या दुकानाच्याही पुढे. गल्लीचं टोक आता समोर दिसत होतं. त्या आठवड्यात तिने चावी पुन्हा जराशी पुढे फिरवली.

मग ताप आला. इस्पितळात जाताना तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "नीट उभा राहा रे, वाकलास तर माप बिघडेल." ती परत आली नाही.

मास्तरने कोट माझ्या अंगावर चढवला, बटणं लावली आणि चावी खणात टाकली. तेव्हापासून मी त्याच मापाला उभा आहे. ही जुनी ताई नाही, आजारी ताईही नाही. ही पुढच्या महिन्यातली ताई. हिला कुणीच पाहिलेलं नाही. खांद्यावर थोडं मांस धरलेलं, मान जरा ताठ. आता दुकानात येणारे माझ्याजवळ आले की आवाज उतरवतात. माझ्यावर कुणी आदळत नाही. पंखा बंद असतानाही कोटाची बाही हलते; हलवणारा मी नव्हे, मला हात कुठे आहेत? मास्तरने पुढची मापं घेणं सोडलं. माझा कापूस कसरीने खाल्ला, सांधे गंजले.

आज सलूनवाला आला. बिनडोक्या म्हणाला नाही. माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसला.

"मास्तर, जिना चढताना छातीत दुखतं रे. डॉक्टर म्हणतो, उन्हाळ्याच्या आत पोट उतरलं पाहिजे, नाहीतर काही खरं नाही. माझं माप लाव याला."

"दुसरीकडे जा."

"दुसरीकडे काय करू? तिथे मला गोड बोलतील. ताईने तुला झापलं ते मी समोरून ऐकलंय. आजचं खरं माप लाव, आणि एका महिन्याचंच पुढचं."

मास्तरने खण उघडून चावी काढली. मग त्याने कोटाची बटणं एकेक करून काढली आणि चावी घातली. ती जागची हलेना.

"बस जरा," तो म्हणाला. "तेल घेऊन येतो."

तो तेल आणायला गेलाय, तेवढ्यात तुमच्याशी बोलून घेतलं. येत्या महिन्यांत तुम्हालाही कुठेतरी पोचायचं असेल. टेप लावताना श्वास आत ओढू नका. आज जिथे आहात तिथूनच धरा. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना वेळच्या वेळी तेल द्या, झाकून ठेवू नका. गंजलेला पुतळा कुणाच्याच उपयोगाचा नसतो. मला पुन्हा कामाला लागायचंय. सलूनवाल्याचा पुढचा महिना व्हायचंय.

मास्तर आला बघा, हातात तेलाची बाटली आहे. मित्रांनो, मला तोंड नाही, तेव्हा तुम्हीच सांगा त्याला. म्हणावं, चावी हळू फिरव. आत ताई उभी आहे.